सावंतवाडीची गंजिफा



शाळेच्या सहलींबद्दल बरेच जण बोलतील, म्हणून मी यंदा मे महिन्यात घरच्यांबरोबर केलेल्या एका दिवसाच्या सहलीबद्दल बोलतो.

आपल्याला इतिहास म्हणजे समोरच्या समुद्रातला सिंधुदुर्ग. सावंतवाडी, म्हणजे जुनी सुंदरवाडी, आपल्या लेखी लाकडी खेळण्यांची. चौऱ्याऐंशी वर्षांची आई, बायको आणि मुलगी यांना घेऊन कुडाळमार्गे गेलो. चितार आळीत लाकडी फळं घेतली, मोती तलावाकाठी बसलो आणि राजवाड्यात शिरलो. तिथे दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवत होते.

दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. मुलगी हे वाचत होती, तेवढ्यात आई म्हणाली, "दिसाक रामाचो राजा पयलो, रातीक कृष्णाचो." आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. तिचे वडील ओटीवर गंजिफा खेळायचे आणि ती दिवा धरून बसायची, हे मला त्या दिवशी कळलं. पाच रंगांत दश्शा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, हेही तिने सांगितलं.

आम्ही एक संच घेतला. तिघांचा खेळ, प्रत्येकी ४० पत्ते. त्याच रात्री आई, मुलगी आणि मी खेळायला बसलो. कृष्णाच्या राजापासून सुरुवात केली. मुलगी नियम वहीत लिहून घेत होती. डाव संपल्यावर देणं-घेणं कसं मोजायचं, इथे मात्र आई अडली. बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "आता विचारूचा कोणाक?"

छापील पत्ते स्वस्त झाले तशी ही कलाही संपत आली होती. राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम पुन्हा उभं केलं. शिकवणारा हयात असताना शिकणारे त्याच्याकडे गेले, म्हणून आज तिथे पत्ते रंगवले जातात.

आज पहिल्या रांगेत आपले सर आणि बाई बसल्या आहेत. शाळेचे जुने दिवस, आपल्या आधीच्या तुकड्या, त्या वेळचं गाव, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. म्हणून एक विनंती. जेवायला आपापल्या बॅचच्या घोळक्यात बसू नका. एकेका सरांच्या, बाईंच्या शेजारी बसा, विचारा आणि लिहून घ्या.

आणि कोणाच्या घरी गंजिफा खेळलेलं माणूस असेल, तर मला जरूर सांगा. आमच्या वहीतलं दुसरं पान अजून अर्धं कोरं आहे.