रंगलेली कडा काय सांगते?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा माझ्याकडे येतो आणि 'हा आजार कोणता?' एवढंच डॉक्टरांना हवं असतं.

हा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकून चालत नाही. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो क्षणात गोठवावा लागतो. सावकाश गोठला, तर आत बर्फाचे स्फटिक होऊन स्नायूची जाळी होते. मग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप घ्यायचे, वर अँटिबॉडी घालायची. ती ठरावीक प्रथिनालाच चिकटते आणि ती जागा रंगते.

डिस्ट्रोफिन हे प्रथिन १९८७ साली ओळखलं गेलं. ते स्नायुपेशीच्या पटलाला आतून आधार देतं. निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती अखंड कडा रंगते. डूशेन आजारात ती जवळपास नसतेच. बेकर आजारात फिकी, तुटक दिसते. पण कडा रंगली नाही म्हणून लगेच निदान लिहायचं नाही. पटलच खराब झालं असेल तर? म्हणून शेजारच्या कापावर स्पेक्ट्रिन रंगवायचं. स्पेक्ट्रिन आहे आणि डिस्ट्रोफिन नाही, तरच निकालावर विश्वास ठेवायचा. हल्ली डूशेनची शंका असेल तर आधी रक्तातून जनुक तपासतात, आणि ते योग्यच आहे. उगाच लेकराला सुई-सुरी कशाला?

माझ्या मते या तंत्राची खरी कसोटी मोठ्या माणसांत लागते. विशीतली मुलगी, जिना चढवत नाही, तुकड्यात सूज आणणाऱ्या पेशी दिसतात. हा मायोसायटिस असेल तर स्टेरॉइडने बरं वाटू शकतं. निरोगी तंतूच्या कडेवर सहसा न दिसणारं एमएचसी वर्ग-१ हे प्रथिन मायोसायटिसमध्ये ठळक रंगतं. पण डिस्फर्लिन नसलेल्या आनुवंशिक आजारातही अशीच सूज दिसते, कधीकधी एमएचसीसुद्धा रंगतं. तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही. वजन, साखर, हाडं यांचं नुकसान मात्र होतं. म्हणून अशा मुलीत डिस्फर्लिन रंगवल्याशिवाय मी 'मायोसायटिस' लिहीत नाही.

तुमच्या घरी कुणाची बायॉप्सी ठरली असेल, तर आधी विचारा: तुकडा गोठवायची सोय आहे का? उरलेला भाग उणे ८० अंशांवर ठेवणार का? तो नीट ठेवला, तर पुढे नवी शंका आल्यावर त्याच तुकड्यावर दुसरी अँटिबॉडी लावता येते, पुन्हा चिरावं लागत नाही.