बॉनेटही आपणच उघडू या

(सेनगाव येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



पोटगी, सातबाऱ्यावर नाव, रेशन, दारूबंदी यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी जुन्या गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. काहीजणी हसल्या. हसा, पण आपलं किती काम गाडीपाशी येऊन अडतं, तेही आठवून पाहा.

आमच्याकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. मागची बाकं काढून तिचा पिकअप केलेला. बियाण्याची पोती, शिबिराची भांडी, सतरंज्या, माणसं, सगळं तीच वाहायची. एका पावसाळ्यात ती मिसिंग मारू लागली. उभी असताना थरथरायची, चढावर दम सोडायची. गॅरेजमध्ये सांगितलं, कार्बोरेटर खराब आहे. साफ करून घेतला. दोन दिवस बरी चालली, पुन्हा तेच. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा पैसे गटाच्या पेटीतून गेले.

मग एका सकाळी पोटगीच्या तारखेसाठी एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन आम्ही हिंगोलीला निघालो. रात्रभर पाऊस झाला होता. वाटेत गाडी तीनदा थांबली, तीनदा ड्रायव्हरदादांनी कार्बोरेटर खोलला. मी काही विचारायला गेले की, "ताई, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही बसा निवांत." आम्ही बसलो. मागून आलेली एसटी डोळ्यांदेखत पुढे गेली. पोचलो तेव्हा पुकारा होऊन गेला होता. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. ते दोन महिने तिनं मुलांना काय खाऊ घातलं, ते तिलाच माहीत.

परतताना अंधार पडला आणि गाडी पुन्हा आचके देऊ लागली. दादांनी इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. बॅटरी कुणाकडेच नव्हती. ती बाई वाकून बघत म्हणाली, "ताई, तिथं निळं काय चमकतंय?" प्लगच्या एका वायरचं रबर तडकलं होतं. ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधूनच इंजिनाच्या लोखंडावर उडत होती. चारातलं एक सिलिंडर कामच करत नव्हतं.

आता कोडं सुटलं. पावसात वायर ओली झाली की गाडी अडायची. गॅरेजमध्ये दिवसभर उभी राहिली की वायर सुकायची आणि गाडी चालायची. श्रेय मात्र कार्बोरेटरच्या सफाईला. मूल झालं नाही की आधी सुनेची तपासणी करणाऱ्या घरांतून आपण सगळ्या आलो आहोत. तपासण्याआधीच दोषी कोण ते ठरलेलं असतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

म्हणून आम्ही एक क्रम शिकलो. तोच तुम्हाला सांगते. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, पुरेसं पेट्रोल, बेताची हवा. कार्बोरेटरचं काम एवढंच की पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण जमवायचं. बाकीचं सगळं तपासल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

पहिलं काम वहीत लिहिण्याचं. गाडी कधी अडते? थंड असताना की तापल्यावर, उभी असताना की चढावर, पावसात की रोजच? निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

दुसरी ठिणगी. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा आणि तिचं टोक लोखंडापासून जवळच, पण न चिकटेल असं ठेवा. पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते आधी बघा. मग इंजिन थोडा वेळच चालू करा. आवाज आणखी बिघडला तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर बिघाड तिथं आहे. चालू इंजिनाच्या वायरींना उघडा हात लावायचा नाही, झटका जोरदार बसतो. प्लग काढून त्याचा रंग पाहा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर धुळीनं भरला असेल. पांढरा पडला असेल तर बहुधा पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण कोरडं करा, आतले पॉइंट झिजलेत का बघा.

तिसरं पेट्रोल. गाडी उभी असताना बरी चालते आणि ओझं घेतलं की आचके देते, तर पेट्रोल पुरत नसेल. फिल्टर, नळी, एसी पंप बघा. काही मैल गेल्यावर बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर सूं आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालते. खर्च शून्य.

चौथी हवा. कार्बोरेटरच्या बुडाचे नट ढिले झाले किंवा खालचं गॅस्केट फाटलं तर तिथून चोरून हवा जाते आणि गाडी स्लोला थरथरते. त्या सांध्यावर बोटानं थोडं साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर चोर सापडला. वारंवार खोललेल्या कार्बोरेटरला हे हमखास होतं.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर. स्क्रू फिरवण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परत जागेवर आणता येतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं; हवेनं फुंका.

पदर खोचा, ओढणी आणि बांगड्या काढून ठेवा, पंखा कुणाचीच गय करत नाही. पेट्रोल तोंडानं ओढू नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका.

कुणी म्हणेल, आता अशा गाड्या राहिल्या कुठे? नव्या मोटारींतून कार्बोरेटर २००० सालच्या आसपास गेला, हे खरं. पण दुचाकींत तो २०२० पर्यंत सर्रास होता. तुमच्या दारातली जुनी स्कूटी बघा. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या खराब करतं. त्यामुळे पेट्रोलची नळी हातानं दाबून बघायची सवय ठेवा.

शीला डावरे आपल्या जुन्या परभणी जिल्ह्यातल्याच. हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. त्यांनी पुण्यात १९८८ साली रिक्षा चालवायला घेतली. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या बायका १९९० नंतरच्या वर्षांत हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईनं आणि पंपाला हात लावायचा पुरुषानं, ही वाटणी त्यांनी मोडली. स्टिअरिंगही आता बायकांच्या हाती येऊ लागलंय. बॉनेटपाशी मात्र आपण अजून बाजूला उभ्या राहतो.

प्रत्येकीनं मेस्त्री व्हावं असं मी म्हणत नाही. गॅरेजमध्ये जायचंच आहे. पण "कार्बोरेटर गेला" असं कुणी म्हटलं की "प्लग बघितले का?" एवढं तरी विचारता यावं. हिशेबाच्या वहीत सही करण्याआधी आपण आकडे वाचायला शिकलो, तसंच हे.

प्रत्येक गटानं दोघींची नावं आजच द्यावीत. प्लगपाना, पक्कड, फिलर गेज, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप आणि एक बॅटरी, एवढं पिशवीत ठेवा. सभा संपली की बाहेर आमची गाडी उभी आहे. मी एक वायर मुद्दाम काढून ठेवली आहे. कुठली, ते तुम्ही शोधायचं.