ज्वारी का मरत नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही, लिव्हरवर बोलणार आहे. विषय डॉक्टरांचा आणि मी शेतकी शिकलेला माणूस. म्हणून सुरुवात ज्वारीपासूनच करतो.

ज्वारीत आपण ॲट्राझिन मारतो. तण मरते, ज्वारी उभी राहते. औषध दोघांच्याही अंगात जाते, मग ज्वारी का मरत नाही? ज्वारीच्या पानात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य असते. ते ॲट्राझिनला जाऊन चिकटते आणि त्याचे विष मारते. बहुतेक तणांना हे इतक्या झपाट्याने जमत नाही, म्हणून ती जळतात.

हेच ग्लुटाथायोन तुमच्या-माझ्या लिव्हरमध्ये आहे. पण तिथला साठा घरातल्या कणगीसारखा आहे. रोज थोडा खर्च झाला तर भरून निघतो. एकदम उपसला तर तळ दिसतो.

आता फवारणीच्या दिवसातला आपला माणूस पाहा. संध्याकाळी डोके ठणकते, अंग मोडून येते. दुकानातून तापाची गोळी आणतो. ती म्हणजे पॅरासिटामॉल. दोन घेतो, तासाभरात आणखी दोन. पोटात सकाळची अर्धी भाकर आणि वरून दारू.

गोळी वाईट नाही. तिचा बहुतेक भाग लिव्हर निमूटपणे निकालात काढते. थोड्या भागाचे मात्र विष बनते आणि ते ग्लुटाथायोन मारते. रोज दारू पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये हे विष जास्त बनते आणि ग्लुटाथायोन कमी असते. उपाशी, अशक्त माणसाची कणगीही अर्धीच भरलेली असते. साठा संपला की तेच विष लिव्हरच्या पेशी मारू लागते. पहिल्या दिवशी मळमळण्यापलीकडे काही कळत नाही. कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून हिशेब पाठ करा. धडधाकट मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या 24 तासांत आठच्या वर नाहीत, त्याही चार ते सहा तासांच्या अंतराने. रोज पिणाऱ्याने आणि अशक्त माणसाने डॉक्टरला विचारावे; एरवी चारच्या वर जाऊ नये. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असते, तेही यात धरा.

आणखी एक. फवारल्यावर घाम सुटला, लाळ गळली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो ताप नव्हे, विषबाधा आहे. गोळी घेऊन घरी झोपू नका, दवाखाना गाठा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरू नका.

कुणी म्हणेल, गोळी नको, झाडपाला बरा. झाडपाल्याचा मी वैरी नाही. पण लिव्हर हे पाहत नाही की माल कारखान्यातून आला की बांधावरून. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळला गेला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असे म्हटले. वाद कुणीही जिंको, आपला धडा एकच: वेल ओळखल्याशिवाय उकळू नये, महिनोन् महिने पिऊ नये, आणि डोळे पिवळे झाले की काढा बंद करून डॉक्टरला तो घेतल्याचे सांगावे. लपवू नये.

आता मागणीचे बोलू. पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर उतारा आहे. त्याचे नाव एन-ॲसिटिलसिस्टीन. तो ग्लुटाथायोनची कणगी पुन्हा भरतो. पण आठ तासांच्या आत मिळाला तर खरा उपयोग. आपल्या गावाहून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायला रात्री किती तास लागतात, हे मी सांगायला नको. म्हणून हा उतारा आणि फवारणीच्या विषबाधेची औषधे हंगामाआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असलीच पाहिजेत, असा ठराव आज आपण करू. नुसता करून थांबायचे नाही. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी जाऊन कपाट उघडायला लावायचे आणि औषध डोळ्यांनी पाहून यायचे.

ज्वारीला तिचे रक्षण निसर्गाने दिले. आपले आपल्यालाच मिळवावे लागेल.