मन खचते तेव्हा

पायात काटा रुतला की माणूस लंगडतो. ताप आला की अंगाला हात लावून कळते. पण मन खचले, तर ते वरून दिसत नाही. त्या दुखण्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. पुस्तकात त्याला नैराश्य म्हणतात, डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. गावात मात्र त्याला धड नाव नाही. "करमत नाही", "कशात जीव लागत नाही", "अंगात त्राण नाही", एवढेच आपण म्हणतो.

समजा, आपल्याच आळीतला एक कष्टाळू शेतकरी आहे. दोन महिने झाले, पहाटे तीनलाच त्याला जाग येते. अर्धी भाकरी ताटात तशीच राहते. गुरांना चारा टाकायचेही ध्यान नाही. पारावर येणे बंद. डोके जड, कंबर दुखते, म्हणून दोनदा सुई टोचून आणली. घरचे म्हणतात, आळस भरला. शेजारी म्हणतात, बाहेरचे काही असेल. मंडळी, दोघांचेही चुकते आहे.

आता तुम्ही म्हणाल, दुःख कुणाला चुकले आहे? खरे आहे. पीक बुडाले, घरातले माणूस गेले, तर वाईट वाटणारच. पण मन जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ उदास राहिले, आवडीच्या गोष्टीतही गोडी उरली नाही, झोप, भूक आणि कामही बिघडले, आणि असे दोन आठवडे चालले, तर ते दुखणे समजावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी. डॉक्टर बहुधा रक्तही तपासतील. कारण अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईडची ग्रंथी मंदावली, तरी माणूस असाच गळून जातो. त्याचे औषध वेगळे.

उपचार कोणते? पहिला बोलण्याचा. नुसत्या बोलण्याने काय होणार, असे वाटेल. तर गोव्यातली गोष्ट ऐका. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेली, पण या कामासाठी शिकवून तयार केलेली माणसे रुग्णाबरोबर सहा ते आठ वेळा बसली. उपदेश केला नाही. तुमचा दिवस कसा जातो, पूर्वी काय आवडायचे, त्यातले एखादे लहानसे काम उद्या करता येईल का, असे विचारीत त्यांनी रुग्णाला हळूहळू कामाला लावले. या प्रयोगाची हकीकत 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी शंभरात 39 जण सावरले होते. तिच्या जोडीला हा उपचार मिळालेल्यांत 64 जण.

दुसरा उपचार गोळ्यांचा. दुखणे जास्त असेल तर गोळी लागते. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बी पेरले की दुसऱ्या दिवशी आपण माती उकरून पाहत नाही. या गोळ्यांचेही तसेच आहे. मळमळ, डोके दुखणे असा त्रास पहिल्या आठवड्यात होतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या याच काळात माणूस कंटाळून गोळी टाकून देतो! बरे वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवावी लागते. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर येते, जीव घाबरा होतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. फारच बिकट दुखण्यात विजेचा उपचारही देतात. तो भूल देऊनच द्यावा, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

मग योगासने, काढा, भजन यांचे काय? रोज भरभर चालणे आणि योगासने यांनी पुष्कळांना आराम पडतो. भजनाला माणसे भेटतात, एकटेपण जाते. हे अवश्य करा, पण चालू गोळी सोडून नव्हे. जडीबुटीचे औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काही भस्मांत शिसे, पारा सापडला आहे. अश्वगंधेनेही क्वचित कुणाच्या यकृताला इजा झाली आहे. आणि भूत काढतो म्हणून मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

कधी कधी असा माणूस "आता जगून काय करू" असे बोलतो. ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा आणि स्पष्ट विचारा, "दादा, जीव द्यायचे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि लगेच दवाखाना गाठा. 'टेलिमानस' ही सरकारची फोनसेवा 2022 पासून चालू आहे. नंबर आहे 14416. फोन फुकट, मराठीतूनही बोलता येते.

गुरुजी आणि बाई, शेवटचे सांगणे तुम्हाला. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत पाहणी झाली. नैराश्य असलेल्या शंभर माणसांत जेमतेम चार जण उपचाराला गेलेले आढळले. मग गावातच कार्यकर्ते घरोघर बोलू लागले, आणि दीड वर्षाने हा आकडा 27 वर गेला. म्हणजे उपाय होता, वाट दाखवणारे कुणी नव्हते. वर्गात गप्प झालेले पोर आधी तुम्हालाच दिसते, आणि त्याच्या घरची हकीकतही तुमच्याच कानावर येते. तेव्हा एक दिवस शाळा सुटल्यावर त्या घरी जा, चहा घ्या, आणि पुढच्या दवाखान्याच्या दिवशी त्या माणसाबरोबर निघा.