केबलवर छापलेले दोन आकडे

मी आवडीहून बोलतोय. नाव ऐकून मराठी माणूस हसतो, पण चेन्नईच्या पश्चिमेचं हे गाव ओळखलं जातं रणगाड्यांसाठी. 'विजयंता' इथंच बनला, 'अर्जुन'ही. ईएमई कोअरमध्ये माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो. आज मात्र रणगाडा नाही, केबलबद्दल बोलायचंय.

12 डिसेंबर 2016. वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळलं. झाडं, खांब, तारा, सगळं आडवं. आमच्याजवळच्या एका मोठ्या वसाहतीचे पाण्याचे पंप बंद पडले. त्यांनी 1000 केव्हीएचा जनरेटर भाड्यानं आणला आणि मला म्हणाले, "सर, जोडण्याआधी एकदा बघून जा."

जनरेटर फाटकापाशी, पंप सहाशे मीटर आत. 415 व्होल्टवर 1000 केव्हीए म्हणजे जवळपास 1400 अँपिअर. एवढा प्रवाह इतक्या लांब न्यायला केबलींची मोळी लागते. म्हणून ठेकेदारानं ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज 11 केव्ही केलं. तिथं तोच भार 53 अँपिअरच्या आत येतो, एक केबल पुरते. इथवर त्याचं बरोबर होतं.

मी केबलवरचं छापील वाचलं: 6.35/11 केव्ही. ठेकेदार म्हणाला, "11 केव्हीचीच आहे, सर."

मंडळी, हे दोन आकडे नीट समजून घ्या. दुसरा आकडा दोन फेजमधला. पहिला आकडा फेज आणि जमीन यांच्यामधला. जिथं न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, तिथं 6.35 पुरतात. पण इथं नेहमीचाच वितरण ट्रान्सफॉर्मर उलटा वापरला होता. त्याची 11 केव्हीची बाजू डेल्टा, म्हणजे न्यूट्रलच नाही. अशा जोडणीत एक फेज जमिनीला टेकला, की उरलेल्या दोन फेजवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण 11 केव्ही येतात. तिथं 11/11 छापलेली, म्हणजे अनअर्थ्ड प्रकारची केबल लागते.

त्याहून वाईट पुढं आहे. अशा दोषात प्रवाह इतका थोडा वाहतो, की नेहमीचा ब्रेकर पडत नाही. केबल फाटलेली, पाण्यात पडलेली, आणि वीज चालूच. माणसाचा जीव घ्यायला एक अँपिअरचा दहावा भागही पुरतो.

मी तीन गोष्टी मागितल्या. एक, 11/11ची केबल. दोन, प्रत्येक गाभ्याभोवती धातूचा स्क्रीन आणि तो पक्का अर्थ केलेला. नाहीतर वरचं आवरण शाबूत असूनही हात लावणं धोक्याचं. तीन, अर्थिंग ट्रान्सफॉर्मर आणि अर्थ फॉल्ट रिले, म्हणजे दोष येताच पुरवठा तुटेल.

या सगळ्यात एक दिवस गेला. लोक घागरी घेऊन उभे होते. एक आजी मला म्हणाल्या, त्यांचा नातू तापानं फणफणलाय आणि घरात थेंब नाही. मी टँकर मागवायला सांगितलं, पण मान वर करून उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत पाठवायच्या आधी जुनी केबल मेगरवर तपासली. एका गाभ्याचं रीडिंग टिकेना. मग वीतभर चिरलेलं आवरण सापडलं. ट्रकमधून ओढून उतरवताना कुठंतरी घासलं असावं. ही केबल ज्या वाटेनं जाणार होती, तिथं गुडघाभर पाणी होतं आणि पोरं त्यात खेळत होती.

आणखी दोन सूचना. आर्मरवाली एक्सएलपीई केबल एकदा टाकून तशीच राहणार असेल तर चालते. रोज गुंडाळायची, रोज पसरायची असेल तर लवचिक रबरी केबल घ्या. आणि मेगर लावल्यावर केबलमध्ये चार्ज उरतो. आधी अर्थ करा, मगच हात लावा.

तुमच्या सोसायटीत, इस्पितळात, जत्रेत असा जनरेटर येईल. ठेकेदाराला विचारा: न्यूट्रल अर्थ आहे का? केबलवर काय छापलंय? आज मेगर केली का? उत्तर मिळेपर्यंत स्विच टाकू देऊ नका. लोक वैतागतील. वैतागू द्या.