विकलेल्या वस्तूचे उत्तरदायित्व

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कापडाच्या व्यापाऱ्याने विजेच्या कचऱ्यावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रांत मला गती नाही. आमच्या धंद्यात टाकाऊ असे फारसे काही उरत नाही. ताग्याचा शेवटचा तुकडा कटपीस म्हणून जातो, जुन्या लुगड्याची गोधडी होते, उरलेल्या चिंध्या गॅरेजवाला पुसायला नेतो. म्हणून विकलेल्या मालाचे पुढे काय होते, हा प्रश्न चाळीस वर्षे गल्ल्यावर बसूनही मला पडला नव्हता.

तो पडला दुकानातील जुन्या संगणकामुळे. त्याचा जाड काचेचा मॉनिटर, तारांचे भेंडोळे आणि बंद पडलेला यूपीएस मी भंगारवाल्याला वजनावर दिला. चार पैसे मिळाले, समाधान झाले. आठवड्याने नदीकाठी फिरावयास गेलो असता दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तारा पेटवून तांबे काढीत बसलेला दिसला. शेजारी एक फुटलेला मॉनिटर पडला होता. तो माझाच होता असे मी म्हणणार नाही; पण माझा नव्हता, असेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्या धुरात काय असते, हे मी नंतर वाचले. तारेवरील प्लास्टिक उघड्यावर जळाले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. जुन्या दूरदर्शन संचाच्या व मॉनिटरच्या काचेत शिसे असते. ट्यूबलाइट व सीएफएल दिव्यात पारा असतो; एका दिव्यात काही मिलिग्रॅमच, पण असे दिवे घरोघरी फुटतात. फ्रिजची कथा निराळी. तांब्याच्या नळीसाठी ती कापली की आतील वायू हवेत जातो. अनेक फ्रिजमध्ये वापरला गेलेला आर-१३४ए हा वायू पृथ्वीचे तापमान वाढविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे.

आता विक्रेत्याकडे वळतो, कारण या सभागृहात विजेच्या वस्तूंचे निदान सात-आठ दुकानदार बसलेले मला दिसत आहेत. त्यांनी राग मानू नये. आपल्या देशात ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली झाले व १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ च्या नियमांनी, उत्पादकाने संकलनाची जबाबदारी सोपविलेल्या विक्रेत्याला स्पष्ट कर्तव्य सांगितले होते : ग्राहकाकडील जुनी वस्तू जमा करण्यासाठी दुकानात पेटी किंवा राखीव जागा ठेवावी आणि तो माल उत्पादकाकडे वा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोहोचेल असे पाहावे. अशी पेटी मी आपल्या पेठेत एकाही दुकानात पाहिली नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत मुख्य भार उत्पादकांवर आला. दुकानदाराचे ते स्वतंत्र कलम उरले नाही. म्हणजे जे कर्तव्य आपण पाळले नाही, ते आता मागणारेही कोणी नाही! मला हे सोयीचे वाटत नाही, लज्जास्पद वाटते. युरोपीय संघात तर ४०० चौरस मीटरहून मोठ्या दालनात विजेचा माल विकणाऱ्याला लहानसहान जुनी उपकरणे, ग्राहकाने काही खरेदी केले नाही तरी, विनामूल्य परत घ्यावी लागतात.

हे आपल्याकडे जमत नाही, असेही नाही. इन्व्हर्टरची नवी बॅटरी घेताना जुनी परत देऊन किंमत कमी करून घेण्याची रीत गावोगाव आहे. २००१ च्या बॅटरीविषयक नियमांनी विक्रेत्यावर ती जबाबदारी घातली होती. परंतु हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर खरे कारण उघड आहे : शिशाला भाव आहे. ज्याला भाव आहे ते आपल्या पायांनी परत येते. विझलेल्या ट्यूबला भाव नाही, म्हणून ती उकिरड्यावर जाते. पाडव्याच्या एक्स्चेंज योजनेत घेतलेला जुना संचही बहुधा अधिक बोली देणाऱ्या भंगारवाल्याच्याच हाती जातो.

हे मी एका तरुण दुकानदाराजवळ बोललो. तो म्हणाला, "काका, मी रीतसर पाठवायचे म्हटले तर जुन्या टीव्हीचे दोनशे रुपये कमी देऊ शकेन. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." त्याचे म्हणणे खोटे नाही. शिवाय दोन-चार नगांसाठी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारा गाडी पाठवीत नाही. म्हणून हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. पेठेतील सर्व दुकानदारांनी मिळून माल एकत्र साठवावा, गाडीभर झाला की नोंदणीकृत ठिकाणी पाठवावा, पोचपावती फायलीला लावावी आणि ग्राहकाने मागितल्यास दाखवावी. आपण ग्राहकांनीही ते दोनशे रुपये सोडावेत. मीही सोडले नव्हते, हे आरंभीच कबूल केले आहे.

आपल्या मुनिमहाराजांच्या पाच समितींपैकी उत्सर्ग समिती ही त्याज्य पदार्थ जागा पाहून, जीव पाहून टाकण्यासंबंधी आहे. टाकण्याच्या क्रियेलाही आपल्या आचार्यांनी आचारधर्मात स्थान दिले, याचा मला व्यापारी म्हणून फार आदर वाटतो. श्रावकाने निदान वस्तू कोठे जाते एवढे तरी विचारावे.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, धर्मशाळेमागील रिकामी खोली या साठवणीसाठी द्यावी. दिव्यांसाठी झाकणाचे पिंप आणि पहिल्या गाडीचे भाडे माझ्याकडे लागले. माझ्या दुकानाच्या माळ्यावर सध्या अकरा ट्यूब आणि एक मिक्सर पडून आहे; खोली उघडली की तेच प्रथम आणून ठेवीन.

जय जिनेंद्र.