रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाची उद्दिष्टे
(स्वागताध्यक्षीय भाषण)

प्रयोगशाळेत एखादा पदार्थ एकदा तयार होणे वेगळे आणि कारखान्यात तोच पदार्थ रोज, ठरल्या दर्जाचा, परवडेल अशा किमतीत आणि कोणाला इजा न होता तयार होणे वेगळे. हे अंतर कापायला शिकवणे, हे रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यापीठीय शिक्षणाचे मूळ उद्दिष्ट. परिषदेसाठी जमलेल्या अध्यापकांचे, कारखान्यांतील अभियंत्यांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत समितीतर्फे स्वागत होत असताना त्याच उद्दिष्टाची ही उजळणी.

या विद्याशाखेची सुरुवात १८८७ साली जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरमध्ये दिलेल्या बारा व्याख्यानांपासून मानली जाते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीने स्वतंत्र अभ्यासक्रम काढला. साबण, आम्ल, रंग या प्रत्येक धंद्याची विद्या निरनिराळी न शिकवता सर्वांत समान असलेल्या क्रिया शिकवाव्यात, असा डेव्हिस यांचा आग्रह होता. गाळणे, वाळवणे, आटवणे, ऊर्ध्वपातन या क्रियांना १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिले. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग उघडला. पूर्वी यूडीसीटी आणि आज आयसीटी म्हणून ओळखली जाणारी माटुंग्याची संस्था ती हीच.

सुरुवातीला सांगितलेल्या मूळ उद्दिष्टातून चार उद्दिष्टे निघतात. पहिले उद्दिष्ट हिशेबाचे. साखर कारखान्यातला १५ ब्रिक्सचा रस आटवून ६० ब्रिक्सचा पाक करायचा आहे. शंभर किलो रसात विरघळलेले घन पदार्थ १५ किलो. ते आटत नाहीत. म्हणून पाक २५ किलो उरतो आणि ७५ किलो पाणी उडवावे लागते. एकाच भांड्यात हे काम केले तर वाफही जवळपास तितकीच लागते. चार भांडी जोडून, एकातून निघालेली वाफ पुढच्या कमी दाबाच्या भांड्याला दिली, तर ढोबळमानाने १९ किलो वाफेत भागते. वाचलेल्या वाफेसाठी जाळावा लागला असता तो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, शिल्लक राहतो. वस्तुमान आणि उष्णता यांचा हा जमाखर्च विद्यार्थ्याच्या हाडीमाशी खिळला पाहिजे.

दुसरे उद्दिष्ट प्रमाणाची जाण. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की त्यातला माल हजारपट होतो, पण थंड करणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. चंबूत शांतपणे होणारी उष्णतादायी अभिक्रिया मोठ्या रिॲक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते ती यामुळे. प्रवाह, उष्णता आणि वस्तुमान यांच्या वहनाचे शास्त्र शिकवायचे ते अशा ठिकाणी आधी विचार करता यावा म्हणून. आज आकडेमोड संगणक करतो. आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे मात्र अभियंत्यालाच ओळखावे लागते.

तिसरे उद्दिष्ट सुरक्षिततेचे. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात सहापैकी एक रिॲक्टर काढून त्या जागी तात्पुरता पाइप बसवण्यात आला. त्याचे रेखाटन झाले ते वर्कशॉपच्या जमिनीवर, खडूने. १ जून १९७४ रोजी तो पाइप निकामी होऊन सायक्लोहेक्झेनचा स्फोट झाला आणि २८ माणसे दगावली. दहा वर्षांनी भोपाळमधील कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा साठ्याची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. म्हणून प्रत्येक बदल तपासण्याची आणि गरज पडल्यास ‘थांबा’ म्हणण्याची सवय वर्गातच लावायला हवी.

चौथे उद्दिष्ट सामाजिक जबाबदारीचे. कारखान्याने प्रक्रिया न करता नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा खर्च त्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो खालच्या गावांना सोसावा लागतो. पदवीधराच्या हिशेबात तोही धरला गेला पाहिजे.

अखेरच्या वर्षातील प्लांट डिझाइनच्या प्रकल्पात ही चारही उद्दिष्टे एकत्र येतात. एकच प्रक्रिया घेऊन विद्यार्थी तिचा जमाखर्च मांडतो, यंत्रांचे आकार ठरवतो, धोके शोधतो, सांडपाण्याची सोय करतो आणि शेवटी किंमत काढतो.